इंजिनातील ठोका : एका ध्वनीच्या निदानाचा इतिहास आणि बीड जिल्हा

१. प्रास्ताविक

मोटारगाडीच्या इंजिनात उमटणारा एखादा वेगळा आवाज हा कारागिराच्या अभ्यासाचा विषय असून इतिहासाच्या अभ्यासकाचा त्याच्याशी काही संबंध नाही, असे प्रथमदर्शनी कोणासही वाटेल. तथापि गेल्या सव्वाशे वर्षांत अशाच एका आवाजाचे कारण शोधून तो बंद करण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचे परिणाम इंजिनापुरते मर्यादित राहिले नाहीत. त्या प्रयत्नांतून पेट्रोलची प्रत ठरविण्याचे माप निर्माण झाले. जगभरच्या शहरांच्या हवेत शिसे पसरले. आणि अलीकडच्या काळात आपल्या राज्यातील उसाच्या मळीचे व रसाचे नाते मोटारीच्या टाकीशी जुळले. हा आवाज म्हणजे ज्याला आपले मिस्त्री 'नॉकिंग' म्हणतात, तो. प्रस्तुत लेखात त्याला 'ठोका' असे म्हटले आहे.

या इतिहासाची सुरुवात आणि त्याची प्रमुख प्रकरणे इंग्लंड व अमेरिकेत घडली. परंतु त्याचे आजचे प्रकरण ज्या प्रदेशांत घडत आहे, त्यांत बीड जिल्ह्याचा समावेश करावा लागतो. म्हणून प्रथम या जिल्ह्याच्या रस्त्यांचा विचार करून, नंतर परदेशातील संशोधनाचा आढावा घेऊन, शेवटी पुन्हा या जिल्ह्याकडे वळण्याचे योजिले आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी आयुर्वेदातील निदानपंचकाची परिभाषा येथे स्वीकारली आहे. 'माधवनिदाना'दी ग्रंथांत निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती अशी रोगज्ञानाची पाच साधने सांगितली आहेत. निदान म्हणजे रोगाचे कारण, पूर्वरूप म्हणजे रोग प्रकट होण्यापूर्वीच्या खुणा आणि रूप म्हणजे प्रकट झालेले लक्षण. एखादे औषध, आहार वा विहार लागू पडतो की नाही, यावरून गूढ रोगाचा अंदाज बांधणे हा उपशय; आणि दोष कोणत्या क्रमाने रोगाला जन्म देतो त्या प्रक्रियेचे ज्ञान म्हणजे संप्राप्ती. इंजिनातील आवाज हे केवळ रूप आहे. उपायाने तो थांबला, तर उपशय सिद्ध झाला इतकेच म्हणता येते. त्यावरून संप्राप्ती कळली असे होत नाही. ठोक्याचा सारा इतिहास या दोन गोष्टींत वारंवार झालेल्या गल्लतीचा इतिहास आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२. रस्त्यांवर अवलंबून असलेला जिल्हा

बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा घटक झाला. जिल्ह्यात परळी वैजनाथ येथे रेल्वे पूर्वीपासून पोहोचलेली होती. परंतु जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या बीड शहरास संपूर्ण विसावे शतक रेल्वेवाचून काढावे लागले. अहमदनगरहून (आताचे अहिल्यानगर) येणारा मार्ग सप्टेंबर २०२२ मध्ये आष्टीपर्यंत आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडपर्यंत वाहतुकीस खुला झाला. तोवर बाजारहाट, शिक्षण, दवाखाना, कचेरी या सर्व कामांसाठी बहुसंख्य लोकांना मोटार हाच आधार होता.

हैदराबाद संस्थानात सार्वजनिक मोटार वाहतूक लवकर सुरू झाली होती. निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ता वाहतूक विभागाने जून १९३२ मध्ये २७ बसगाड्या व १६६ नोकर यांच्या साहाय्याने कामास आरंभ केला. पुढे राज्यपुनर्रचनेनंतर मराठवाड्यातील ही व्यवस्था मुंबई राज्याकडे आली आणि १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाली.

जिल्ह्याची भूरचनाही येथे लक्षात घेण्याजोगी आहे. बालाघाटच्या डोंगररांगा जिल्ह्यातून गेल्या असल्यामुळे गोदावरीकाठच्या सखल भागातून दक्षिणेकडे जाताना मांजरसुंब्याच्या घाटासारखे चढ लागतात. उन्हाळ्याच्या दिवसांत, पूर्ण भार घेऊन, वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने चढ चढणे ही पेट्रोल इंजिनात ठोका उत्पन्न होण्यास सर्वांत अनुकूल अशी परिस्थिती होय. इंजिनाचे हे दुखणे सपाट रस्त्यावर लपून राहते आणि घाटात बोलू लागते.

३. आवाजांचे रूप आणि कारागिराचा कान

कारखान्यातील कुशल मिस्त्री पान्याचे किंवा लांब पेचकसाचे एक टोक इंजिनाच्या निरनिराळ्या भागांवर टेकवतो आणि दुसरे टोक कानाजवळ धरतो. वैद्याच्या स्टेथॉस्कोपचेच हे रूप होय. परंतु आवाज कोठून येतो एवढे कळल्याने त्याचे काम संपत नाही. आवाज केव्हा येतो, केव्हा वाढतो आणि काय केले असता थांबतो, हे तो पाहतो.

टॅपेट सैल झाला असता हलकी, नियमित टकटक ऐकू येते आणि तिची गती क्रँकच्या फेऱ्यांच्या निम्मी असते, कारण झडपा उघडणारा कॅमशाफ्ट निम्म्या वेगाने फिरतो. पिस्टन व सिलिंडर यांत अंतर वाढले असेल, तर थंड इंजिनात थापटल्यासारखा आवाज येतो व इंजिन तापल्यावर तो कमी होतो. कनेक्टिंग रॉडचे मोठ्या टोकाचे बेअरिंग झिजले असेल, तर धातूवर धातू आपटल्याचा ठसठशीत ठोका येतो. अशा वेळी ज्या सिलिंडरच्या प्लगची वायर काढली असता तो मंदावतो, त्या सिलिंडरमध्ये दोष आहे असे समजतात. मुख्य बेअरिंगचा आवाज याहून खोल व जड असतो आणि भार पडला की वाढतो.

प्रस्तुत लेखाचा विषय असलेला ठोका या सर्वांहून निराळा आहे. तो कडकडीत व किणकिणता असून, सुट्या खिळ्यांचा डबा हलवावा तसा भासतो. तो भार पडल्यावर येतो. ॲक्सिलरेटर सोडला, खालचा गिअर घातला किंवा ठिणगीची वेळ थोडी मागे घेतली की नाहीसा होतो. इंजिन उघडून पाहिले असता कोणताही भाग सैल सापडत नाही. आघाताचा आवाज स्पष्ट ऐकू येतो आणि आपटणारी वस्तू मात्र कोठेच नाही, असा हा प्रकार असल्यामुळे त्याच्या निदानात पहिल्या पिढीतील अभियंते गोंधळून गेले.

डिझेल इंजिनातील ठोक्याशी याची सरमिसळ करू नये. डिझेलमध्ये तेल फवारल्यापासून ते पेट घेईपर्यंत विलंब झाला, तर साचलेले तेल एकदम पेटते व आवाज होतो. तेथे इंधन लवकर पेटणे इष्ट असते. पेट्रोल इंजिनात ते ठिणगीवाचून आपोआप न पेटणे इष्ट असते. एकाच नावाच्या दोन रोगांची चिकित्सा परस्परविरुद्ध असावी, याचे हे उत्तम उदाहरण होय.

४. संप्राप्तीचा शोध : केंब्रिज आणि डेटन

आरंभी सर्वसाधारण समज असा होता, की सिलिंडरमधील एखादा तापलेला भाग ठिणगीपूर्वीच मिश्रण पेटवतो आणि त्यामुळे ठोका बसतो. यास पूर्वप्रज्वलन म्हणतात. केंब्रिज विद्यापीठातील प्राध्यापक बर्ट्रम हॉपकिन्सन आणि त्यांचे विद्यार्थी हॅरी रिकार्डो यांनी पहिल्या महायुद्धापूर्वीच या समजुतीस धक्का दिला. ठिणगी योग्य वेळी पडून ज्वलन सुरू झाल्यानंतर ठोका बसतो, पूर्वप्रज्वलन ही वेगळी घटना आहे, असे त्यांना आढळले. ज्योत पसरत असता शेवटी उरलेले मिश्रण दाबले जाते व तापते. ते ज्योत पोहोचण्यापूर्वीच आपोआप व एकदम पेटले, तर दाबाची लाट निर्माण होऊन सिलिंडरच्या भिंतीवर आदळते. आपटणारी वस्तू म्हणजे हा वायूच होय.

अमेरिकेत हाच प्रश्न निराळ्या वाटेने पुढे आला. चार्लस केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर व बॅटरीवर चालणारी प्रज्वलन-व्यवस्था १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत बसविण्यात आली. त्या सुमारास गाड्या ठोके देऊ लागल्याच्या तक्रारी वाढल्या आणि दोष या नव्या व्यवस्थेवर आला. नवी वस्तू आणि नवा आवाज एकाच वेळी आले की पहिली दुसऱ्याचे कारण ठरते, ही निदानातील चूक फार जुनी आहे. १९१६ मध्ये केटरिंग यांच्याकडे डेटन येथे रुजू झालेले तरुण अभियंता थॉमस मिड्‌ग्ली यांनी टोमॅटोच्या रिकाम्या डब्यापासून एक कॅमेरा बनविला व सिलिंडरमधील दाबाचा आलेख टिपला. ठोक्याच्या क्षणी, म्हणजे ठिणगी पडून गेल्यानंतर, दाब एकाएकी उंचावतो, असे त्यात दिसले. प्रज्वलन-व्यवस्था दोषमुक्त ठरली. दोष इंधनात होता.

यापुढचा प्रसंग प्रसिद्ध आहे. बर्फ असतानाच फुलणाऱ्या एका वनस्पतीची पाने खालून लाल असतात, तो लाल रंग उष्णता लवकर शोषत असावा, आणि त्याचप्रमाणे लाल रंगाचे इंधन लवकर वाफ होऊन ठोका टाळील, अशी कल्पना केटरिंग व मिड्‌ग्ली यांनी केली. तेलात विरघळणारा लाल रंग त्या दिवशी हाताशी नसल्यामुळे मिड्‌ग्ली यांनी आयोडीन वापरले आणि ठोका थांबला. उपशय पूर्णपणे लागू पडला होता. त्यावर समाधान मानले असते, तर लाल रंगाचा सिद्धांत शास्त्रग्रंथांत जाऊन बसला असता. परंतु मिड्‌ग्ली यांनी पुढे इतर लाल रंग वापरून पाहिले. त्यांचा काहीच उपयोग झाला नाही. उलट, रंगहीन आयोडीन-संयुगांनी ठोका थांबला. म्हणजे कल्पना सर्वस्वी चुकीची असतानाही तिच्यावर आधारलेला उपाय गुणकारी ठरला होता. उपशय आणि संप्राप्ती यांतील भेद मिड्‌ग्ली यांनी येथे कसोशीने पाळला. पुढे तो त्यांच्याच हातून सुटला, हे सहाव्या विभागात दिसून येईल.

५. कानाकडून मापाकडे

ठोका मोजावयाचा तर ऐकणाऱ्याच्या कानावर विसंबून चालणार नव्हते. रिकार्डो यांनी १९१९ च्या सुमारास संपीडन-गुणोत्तर चालत्या स्थितीत बदलता येईल असे 'ई ३५' नावाचे प्रायोगिक इंजिन तयार केले आणि कोणते इंधन किती संपीडनापर्यंत ठोका न देता टिकते, याची तुलना केली. १९२६ मध्ये ग्रॅहम एडगर यांनी दोन शुद्ध द्रव्ये प्रमाण म्हणून सुचविली : सहज ठोका देणारे नॉर्मल हेप्टेन म्हणजे शून्य आणि ठोक्यास उत्तम प्रतिकार करणारे आयसोऑक्टेन म्हणजे शंभर. आज पेट्रोलपंपावर लिहिलेला ऑक्टेन आकडा तो हाच. तो इंधनातील शक्तीचा आकडा आहे असा समज रूढ आहे, तो बरोबर नाही. ठोका न देता किती दाब सहन होतो, याचा तो आकडा आहे.

आवाजाचे स्वरूप मात्र आणखी काही वर्षांनी उलगडले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेचे चार्लस स्टार्क ड्रेपर यांनी १९३५ च्या सुमारास दाखविले, की ठोक्याच्या वेळी सिलिंडरमधील तप्त वायू विशिष्ट कंपनसंख्येने घुमतो. ही कंपनसंख्या वायूतील ध्वनीचा वेग व सिलिंडरचा व्यास यांवर ठरते. ८० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरात ती सेकंदाला सुमारे सात हजार येते. सिलिंडर रुंद असेल तर कमी. घंटेचा आकार तिचा नाद ठरवितो तसाच हा प्रकार आहे.

या ज्ञानाचा व्यावहारिक उपयोग १९७० च्या दशकाच्या अखेरीस टर्बोचार्जर बसविलेल्या जलद गाड्यांत होऊ लागला. सिलिंडरच्या भिंतीवर एक दाबविद्युत् संवेदक बसवून तो नेमक्या त्या कंपनसंख्येकडे 'कान' लावून ठेवतो. ठोका ऐकू येताच ठिणगीची वेळ मागे घेतली जाते. मनुष्याच्या कानाची जागा यंत्राच्या कानाने घेतली खरी, पण निदानातील मूळ अडचण नाहीशी झाली नाही. एखादा सैल ब्रॅकेट किंवा टॅपेट त्याच कंपनसंख्येच्या जवळपास वाजू लागला, तर संवेदक त्यालाच ठोका समजतो व निष्कारण शक्ती कमी करतो. याच्या उलट, इंधन हलके वा भेसळीचे असेल, तर संवेदक गुपचूप वेळ मागे घेत राहतो. चालकास आवाज ऐकू येत नाही, गाडी मंद झाल्याचे तेवढे जाणवते. येथे रोग आहे, पण रूप दडपलेले आहे.

पूर्वप्रज्वलनाचेही या शतकात पुनरागमन झाले. थेट इंधन फवारणाऱ्या लहान टर्बो इंजिनांत, कमी वेगात जास्त भार घेतला असता, ठिणगीपूर्वीच मिश्रण पेटून अतितीव्र ठोका बसतो व एखादे वेळी पिस्टन फुटतो. वंगणतेलातील कॅल्शियमयुक्त द्रव्यांचा त्यात हातभार असल्याचे आढळल्यावर २०१८ मध्ये अशा इंजिनांसाठी तेलाची नवी श्रेणी आणावी लागली. हॉपकिन्सन यांनी वेगळ्या केलेल्या दोन घटना अशा रीतीने शंभर वर्षांनी पुन्हा एकत्र भेटल्या.

६. शांततेची किंमत

आता पुन्हा डेटनकडे वळू. आयोडीन महाग व धातू खाणारे होते. त्यानंतर ॲनिलीन, सेलेनियम, टेल्युरियम अशा अनेक द्रव्यांची परीक्षा झाली. टेल्युरियम गुणकारी होते, परंतु त्याची लसणासारखी दुर्गंधी अंगाकपड्यांतून जाईना. अखेर ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाची चाचणी झाली. सुमारे बाराशे-तेराशे भाग पेट्रोलमध्ये त्याचा एक भाग घातला की ठोका पूर्णपणे थांबे. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटन येथे असे पेट्रोल विक्रीस आले. त्याचे व्यापारी नाव 'एथिल' असे होते. त्या नावात शिशाचा उल्लेख नव्हता. त्याच वर्षी इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत टॉमी मिल्टन यांनी हेच इंधन वापरून जिंकली.

शिसे हे विष आहे, ही गोष्ट त्या काळी अज्ञात नव्हती. स्वतः मिड्‌ग्ली यांना १९२३ च्या आरंभी शिसेबाधेमुळे विश्रांती घ्यावी लागली होती. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात हे द्रव्य तयार करणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले आणि इतर अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. मे १९२५ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी परिषद बोलाविली. ॲलिस हॅमिल्टन व यांडेल हेंडरसन यांसारख्या तज्ज्ञांनी रस्त्यांवर पसरणाऱ्या शिशाचा धोका स्पष्टपणे मांडला. तथापि पुढील वर्षी तज्ज्ञसमितीने बंदी घालण्यास पुरेसे कारण दिसत नाही असा अभिप्राय दिला आणि विक्री पुन्हा सुरू झाली.

येथे झालेली चूक रसायनाच्या ज्ञानातील नव्हती. ठोका थांबला की नाही याची परीक्षा इंजिनाच्या आत होत होती. शिसे मात्र इंजिनाबाहेर जात होते. परीक्षेची कक्षाच अपुरी होती. १९६५ मध्ये भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी आधुनिक मनुष्याच्या शरीरातील शिशाचे प्रमाण नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट वाढल्याचे दाखविले. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचे होणारे परिणामही पुढे निर्विवादपणे सिद्ध झाले. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून ते कमी करण्यात आले व १९९६ मध्ये मोटारींसाठी पूर्ण बंदी आली. भारतात १९९५ मध्ये चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते सर्व देशभर झाले. म्हणजे महानगराबाहेरच्या जिल्ह्यांना ही सुटका पाच वर्षे उशिरा मिळाली. जगात सर्वांत शेवटी, २०२१ मध्ये, अल्जीरियाने मोटारींसाठी असे पेट्रोल विकणे बंद केले. एका आवाजाच्या बंदोबस्तासाठी योजिलेला उपाय मागे घेण्यास सुमारे शंभर वर्षे लागली.

७. डावलला गेलेला उपाय

शिसे हा त्या वेळी एकमेव उपाय होता असे मानले जाते, ते वस्तुस्थितीस धरून नाही. मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, ठोक्यास उत्तम प्रतिकार करतो, हे रिकार्डो आणि मिड्‌ग्ली दोघांनाही ठाऊक होते. ऑक्टोबर १९२१ मध्ये, म्हणजे शिशाच्या चाचणीपूर्वी जेमतेम दोन महिने, स्वतः मिड्‌ग्ली उच्च संपीडनाची गाडी मद्यार्कमिश्रित इंधनावर चालवीत इंडियानापोलिस येथील अभियंत्यांच्या सभेस गेले होते. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा शंभराहून अधिक आहे. शिवाय वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषते, त्यामुळे सिलिंडरमध्ये येणारे मिश्रण थंड राहते व शेवटचा भाग आपोआप पेटण्याचा संभव कमी होतो.

शर्यतीच्या गाड्या बनविणाऱ्यांनी हा गुण पुरेपूर वापरला. दोन महायुद्धांच्या दरम्यान सुपरचार्जर बसविलेल्या ग्रांप्री गाड्यांची इंजिने मद्यार्काच्या मिश्रणांवर चालत. १९५८ पासून तेथे विमानाचे पेट्रोल सक्तीचे झाले. ब्रिटनमध्ये 'क्लीव्हलँड डिस्कॉल' हे मद्यार्कमिश्रित पेट्रोल १९२८ पासून चार दशके सर्वसामान्य गिऱ्हाइकास मिळत होते.

मग शिसे का निवडले गेले? मद्यार्काच्याही अडचणी होत्या. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. ते पाणी ओढून घेते. काही जातींचे रबर व धातू त्याने खराब होतात. परंतु निर्णायक कारणे आर्थिक स्वरूपाची दिसतात. मद्यार्क दहा ते वीस टक्के मिसळावा लागे, तेवढे पेट्रोल कमी खपणार होते. आणि तो कोणासही गाळता येई, त्यावर एकाधिकार मिळण्याजोगा नव्हता. शिशाचे संयुग थेंबांनी पुरे आणि त्याचे पेटंट घेता येई. तात्पर्य, औषधाची निवड केवळ रोगाच्या ज्ञानावरून होत नाही; औषध कोण विकणार यावरूनही ती होते.

भारतात या उपायाचा विचार साखरेच्या उद्योगाबरोबरच सुरू झाला. १९४० मध्ये संयुक्त प्रांतात आणि १९४८ मध्ये केंद्रात मोटारीसाठी मद्यार्क वापरण्याविषयी कायदे झाले. तथापि त्याला देशव्यापी स्वरूप बरेच उशिरा आले. २००३ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम सुरू झाला. जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांचे आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचे उद्दिष्ट गाठण्यात आले. परकीय चलनाची बचत, साखर उद्योगास आधार आणि स्वच्छ ज्वलन ही त्याची घोषित कारणे होत. ठोक्याचा उल्लेख त्यांत क्वचितच येतो. परंतु १९२१ मध्ये डावलले गेलेले औषधच अशा रीतीने शंभर वर्षांनी परत आले आहे.

८. बीडचा कोयता

येथे पुन्हा बीड जिल्ह्याकडे येणे प्राप्त होते. अंबाजोगाई, माजलगाव, परळी या भागांत साखर कारखाने उभे राहिले असले, तरी राज्याच्या साखर व्यवसायात या जिल्ह्याचे वैशिष्ट्य निराळेच आहे. हा जिल्हा ऊस पिकवितो त्याहून अधिक तो तोडतो. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई या तालुक्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास असंख्य कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील फडांवर जातात आणि पाच-सहा महिन्यांनी परततात. मुकादमाकडून घेतलेली उचल, पतिपत्नीची जोडी मिळून धरला जाणारा एक 'कोयता', आणि टनावर मिळणारी मजुरी ही या व्यवस्थेची प्रमुख अंगे होत. कोरडवाहू जमीन व अपुरा पाऊस ही तिच्यामागील कारणे सर्वज्ञात आहेत.

या कामाची शरीरावर पडणारी झळ २०१९ मध्ये राज्यापुढे आली. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांत गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण अधिक असल्याचे उघडकीस आल्यावर शासनाने समिती नेमली. जिल्ह्यात पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली होती. काम बुडाले की भरावा लागणारा खाडा, फडावर पाणी व आडोसा यांचा अभाव, आणि दुखण्याचे मूळ न शोधता अवयवच काढून टाकण्याची घाई, अशी अनेक कारणे यामागे सांगितली गेली. निदानशास्त्राच्या दृष्टीने पाहता, येथेही लक्षण बंद करणे म्हणजेच रोग बरा करणे असे मानले गेले. फरक एवढाच, की येथे इंजिनाच्या जागी माणसाचे शरीर होते.

इथेनॉलमुळे हे सर्व घडले, असे म्हणणे मुळीच योग्य होणार नाही. ऊसतोडीची ही व्यवस्था इंधनाच्या कार्यक्रमाहून कितीतरी जुनी आहे. शिवाय अलीकडे इथेनॉलचा मोठा वाटा मक्यासारख्या धान्यापासून येऊ लागला आहे. इथेनॉल आणि शिसे यांची बरोबरी करणेही अन्यायाचे होईल, कारण इथेनॉल हवेत शिशासारखे चिरकाल विष सोडत नाही. मुद्दा वेगळा आहे. १९२५ मध्ये शिशाचा विचार करताना परीक्षेची कक्षा सिलिंडरपुरती ठेवली गेली आणि कारखान्यातील कामगार व रस्त्यावरील मूल यांना तीत जागा मिळाली नाही. आज इथेनॉलचा हिशेब मांडताना परकीय चलन, मायलेज, जुन्या गाड्यांचे रबर आणि उसाला लागणारे पाणी यांची चर्चा होते. ज्या हातांनी ऊस तोडला त्यांची मजुरी व आरोग्य यांचाही त्याच हिशेबात अंतर्भाव झाला पाहिजे. अन्यथा शंभर वर्षांपूर्वीचीच चूक वेगळ्या द्रव्याच्या बाबतीत आपण पुन्हा करीत आहोत, असे म्हणावे लागेल.

९. समारोप

ठोक्याच्या इतिहासावरून यंत्रातील अनोळखी आवाजाच्या निदानाविषयी तीन प्रश्न निष्पन्न होतात. आवाज कोठून व केव्हा येतो, हा पहिला. याचे उत्तर कान, पेचकस आणि संवेदक देऊ शकतात. तो कोणत्या क्रमाने उत्पन्न होतो, हा दुसरा. याचे उत्तर हॉपकिन्सन यांच्यापासून ड्रेपर यांच्यापर्यंतच्या अभ्यासकांनी चिकाटीने मिळविले. तो बंद करण्यासाठी योजिलेल्या उपायाचा भार इंजिनाबाहेर कोणावर पडतो, हा तिसरा प्रश्न. पहिले दोन प्रश्न अभियंत्याचे आहेत आणि त्यांत त्याने स्पृहणीय यश मिळविले. तिसरा प्रश्न दीर्घकाळ कोणाचाच नव्हता, म्हणून तो सर्वांना महाग पडला.

जिल्ह्याच्या आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकांनी या तिसऱ्या प्रश्नाकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. ऊसतोड कामगारांच्या स्थलांतराचा अभ्यास आजवर शेती, दुष्काळ आणि सहकार यांच्या संदर्भात झाला. इंधनाच्या इतिहासाशी त्याची सांगड घालण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे. मांजरसुंब्याच्या चढावर एखादी भरधाव गाडी आता ठोका न देता निघून जाते. त्या शांततेत कोणाकोणाच्या श्रमांचा वाटा आहे, हे सप्रमाण मांडणे हे या विद्याशाखेचे कर्तव्य आहे.